इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या

वाचकाचं पत्र:

"आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो. सासऱ्यांनी २०११ च्या नोव्हेंबरात घेतलेली मारुती ८०० आता मी चालवते. रोज मुरारच्या शाळेत जाणं-येणं, बाजारहाट आणि अधूनमधून शिवपुरी किंवा झाशी. उन्हाळ्यात महाराज बाड्याच्या चौकात गर्दीत अडकलं की टेंपरेचरचा काटा लालकडे सरकतो, हायवेला मात्र काही त्रास नाही. थंडीत उलटं, काटा वर चढतच नाही, आणि सकाळी स्टार्टर कण्हत फिरतो. मिस्त्री म्हणतो, 'इंजन आधा खोलना पड़ेगा', बावीस हजार लागतील. मिस्टर म्हणतात, ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्स निम्मा असतो, नवीनच घेऊ. पण घराचा हप्ता चालू आहे. जाऊबाई म्हणतात, पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते. क्लचही जड झालाय. घरी पान्यांचा सेट आहे आणि रविवारची दुपार माझी असते. व्हिडिओ बघून मला स्वतः काही करता येईल का?"

— एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

ताई,

बावीस हजार आत्ता कोणालाही देऊ नका. तुम्ही गाडीची लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निम्मं निदान पत्रातच झालंय.

गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. बाड्यावर ती उभी राहिली की सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर येतो. म्हणून जी गाडी फक्त गर्दीत तापते, तिचा पंखा आधी बघायचा: फ्यूज, रिले (पंख्याचा करंट जोडणारा छोटा स्विच), पंख्याची मोटर, तिला चालू करणारा सेन्सर आणि मधली वायर. याउलट एखादी गाडी शहरात ठीक राहून झाशी रोडला ऐंशीच्या वेगात तापते, तेव्हा रेडिएटर आतून चोंदलेला असतो किंवा वॉटर पंप नीट पाणी ढकलत नसतो. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांमधली सील, गेलेलं असतं तर हायवेच्या जोरावर ते आधी बोललं असतं. तुमची गाडी शिवपुरीपर्यंत शांतपणे जाते, यावरून इंजिन उघडायचं कारण मला तरी दिसत नाही.

दुसरं लक्षण मला जास्त खटकलं. थंडीत काटा वर चढत नाही, म्हणजे बहुतेक कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे. आपल्याकडे ही फार जुनी सवय आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला, गाडी तापू लागली, की थर्मोस्टॅट काढायचा आणि फेकून द्यायचा. दोन आठवडे बरं वाटतं, मूळ दोष तसाच राहतो. मला या सवयीचा मनापासून राग आहे, कारण तिची किंमत गिऱ्हाईक पुढची कित्येक वर्षं मोजत बसतं आणि त्याला ते कळतही नाही. थर्मोस्टॅट ही एक छोटी झडप आहे. इंजिन गार असताना ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, ठरलेल्या तापमानाला उघडते. ती नसली की जानेवारीत इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर समजतो की अजून थंडीच आहे, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. शिवाय हीटर कोमट राहतो. ग्वाल्हेरच्या धुक्यात समोरची काच साफ न होणं हा गैरसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी गार गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या जाड रबरी होजवर हात ठेवा. पंखा आणि बेल्टपासून ओढणी, बाह्या, मोकळे केस लांब ठेवा. थर्मोस्टॅट असेल आणि चांगला असेल तर होज काही मिनिटं गारच राहील आणि मग एकदम गरम होईल. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. आणखी एक पुरावा तुमच्या ग्लव्ह बॉक्समध्ये असेल. बीएस-३ (प्रदूषणाचा जुना निकष) गाडीचं पीयूसी दर सहा महिन्यांनी करावं लागतं, त्याच्या जुन्या पावत्या काढा. त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) असे दोन आकडे असतात. तुमच्या गाडीला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम आहे. हिवाळ्यातल्या पावतीवर सीओ मर्यादेला टेकलेला आणि उन्हाळ्यातल्या पावतीवर कमी असेल तर माझ्या संशयाला बळ मिळतं.

पंख्याची तपासणीही अशीच, बसल्या जागी. गाडी सावलीत उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक, एसी बंद, इंजिन चालू. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप फिरायला हवा आणि काही वेळाने बंद पडायला हवा. काटा पाऊण भागापर्यंत गेला तरी पंखा हलला नाही, तर लगेच इंजिन बंद करा. मग फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचा नकाशा बघून पंख्याचा फ्यूज काढून पाहा, रिले असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहा. तरीही फिरला नाही तर इलेक्ट्रिशियनला एवढंच सांगा: "पंख्याला थेट बॅटरीतून करंट देऊन दाखवा." थेट करंटवर फिरला तर मोटर चांगली आहे, दोष सेन्सरचा किंवा वायरचा. नाही फिरला तर मोटर बदला. कुठल्याही उत्तराला इंजिन खोलावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. गरम गाडीच्या रेडिएटरची टोपी कधीही उघडायची नाही. आतलं पाणी दाबाखाली उकळीच्या वर असतं, टोपी सैल झाली की ते तोंडावर येतं. पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी, मग जाड फडक्याने.

गार गाडीची टोपी उघडलीत की आत काय आहे ते नीट बघा. हिरवा किंवा लाल स्वच्छ द्रव, म्हणजे कूलंट, असेल तर उत्तम. गढूळ तांबूस पाणी असेल, तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं गेलंय आणि आत गंज धरलाय. असं असेल तर पूर्ण पाणी काढून, साध्या पाण्याने दोन-तीनदा खंगाळून, शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरायचं. खालचा होज सोडून पाणी काढणं तुम्हाला जमेल. भरताना घाई करू नका. टोपी उघडी ठेवून गार इंजिन चालू करा, हीटर फुल गरमवर ठेवा, हवेचे बुडबुडे निघून पातळी खाली जाईल तसं भरत राहा आणि उकळायच्या आत टोपी लावा. आत हवा अडकली तर नवा थर्मोस्टॅट टाकूनही गाडी तापते. काढलेलं कूलंट उघड्यावर सोडू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, कुत्री-गायी चाटतात. बाटलीत भरून मिस्त्रीकडे द्या.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी पारखून घ्या, हे काम मला फार आवडतं. पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही असं एखादं जुनं पातेलं घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी सोडा, तळाला टेकू देऊ नका. त्याच्या पत्र्यावर अंश कोरलेले असतात, बहुतेक ८२ च्या आसपास. पाणी उकळीच्या अलीकडे आलं, तळाशी बारीक बुडबुडे सुटू लागले, की मधली पितळी चकती संथपणे वर सरकताना दिसेल. गॅस बंद केला की ती परत बसायला हवी. नाही हलली तर दुकानदाराला परत करा. बसवायला वरचा होज इंजिनाला जिथे जोडलाय तिथली टोपी उघडायची, दोन बोल्ट, जुनं गॅसकेट खरवडून नवं लावायचं. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात, तेव्हा ताकद लावू नका, आटे गेले तर खर्च वाढेल.

आता सकाळचं कण्हणं. बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं ते हिवाळ्यात. बॉनेटखालच्या उष्णतेने आतल्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं. डिसेंबरात रासायनिक क्रिया मंदावते, तेल घट्ट होतं, स्टार्टरला जास्त करंट लागतो, तेव्हा तिचं खरं रूप दिसतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीनशे-चारशेत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. तुमच्या पान्यांच्या सेटपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ च्या खाली म्हणजे निम्म्याहून रिकामी. मग कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि आकडा बघा. भरलेली बॅटरी स्टार्ट करताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती गेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ असायला हवेत. तेवढे नसतील तर दोष अल्टरनेटरचा (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याच्या सैल बेल्टचा.

पण बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल बघा. दोन्ही खांबांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल तर करंट तिथेच अडतो. आधी निगेटिव्हची वायर काढायची, मग पॉझिटिव्हची. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ओता, फसफस थांबेपर्यंत जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत करा. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह, वरून व्हॅसलिन. हातातल्या बांगड्या आणि अंगठी या कामाला उतरवूनच बसा. पान्याचं एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरं बॉडीला लागलं तर पाना लालबुंद होतो. यानंतरही स्टार्टर मंद असेल तर मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलीय. ती दीड-दोनशेची वस्तू आहे, आणि तिच्यापायी लोक बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदलून मोकळे होतात.

एवढं झाल्यावरही मिस्त्री इंजिनावर ठाम असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका, आकडे मागा. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर आत किती दाब धरतो ते मोजणं, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद करायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एकेका सिलिंडरला गेज लावायचं. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसला, तर इंजिनाला हात लावू नका. एखादा खूप खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायला सांगा: आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा घासल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन खाली असतील तर मधलं हेड गॅसकेट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. आकडे कागदावर लिहून घ्या. जो मिस्त्री गेज न लावता इंजिन खोलायला निघतो, तो दुसरा बघावा. लश्करात आणि हजिऱ्याकडे मोजून काम करणारी जुनी माणसं आहेत, विचारलंत तर सापडतील.

हेड गॅसकेटची घरगुती लक्षणंही सांगून ठेवतो: गळती कुठेच नसताना कूलंट कमी होत राहणं, तेलाच्या टोपीखाली दह्यासारखा पांढरट थर, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. यांतलं काही दिसलं तर गाडी चालवू नका. थंडीत फक्त लश्कर-मुरार एवढं फिरणाऱ्या गाडीच्या टोपीखाली थोडी साय धरते, ती दवाची असते आणि झाशीची एक फेरी मारली की जाते. तेवढ्याने घाबरू नका.

तुमचा मूळ प्रश्न, स्वतः काय करता येईल? तेल आणि फिल्टर, एअर फिल्टर, तीन प्लग, कूलंट, बॅटरी, बल्ब, वायपर, फ्यूज, दरवाज्यांच्या तळाची पाणी निघण्याची भोकं मोकळी करणं. ही कामं वर्षभरात शिकाल आणि मजुरी वाचेल. तेल किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा बदला, कारण छोट्या फेऱ्यांत ते लवकर नासतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तोच. काढलेलं तेल गटारात नाही, मिस्त्रीच्या ड्रममध्ये. प्लग गार इंजिनावरच काढा, आणि नवे बसवताना पहिले काही फेरे हातानेच द्या.

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलची लाइन या चार गोष्टींना व्हिडिओ बघून हात लावू नका. टायमिंग बेल्टची विचारणा मात्र तुम्हीच करा. तो शेवटचा कधी बदलला हे घरात कोणाला आठवत नसेल तर बदलायची वेळ झालीय असं धरा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलून घ्या, ते हवेतली ओल शोषतं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०११ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, जुनं रबर त्यात लवकर फुगतं, चिरतं. ॲव्हरेजही थोडं पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या गाड्यांसाठी ६ ते ७ टक्क्यांचा अंदाज होता. गाडीत पेट्रोलचा वास आला की त्याच दिवशी दाखवा.

आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका बोल्टसाठीसुद्धा, जायचं नाही. गाडीचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली जायचंच असेल तर सपाट फरशीवर, जॅक स्टँड लावून, मागच्या चाकांना विटांची अडण देऊन. स्टँड नसेल तर तेल बदलणंही गॅरेजवाल्याच्या पिटवर करून घ्या.

टायर बघा. तुमचं फिरणं कमी आहे, म्हणजे नक्षी शिल्लक असतानाच रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे लंबगोलात कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. "१८१७" म्हणजे २०१७ चा अठरावा आठवडा. आठ-नऊ वर्षांचे टायर उन्हाळ्यात शिवपुरीच्या रस्त्यावर नेऊ नका, बॅटरीच्या आधी पैसे तिथे घाला.

भंगाराचं जाऊबाईंना सांगा: दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि राजधानी क्षेत्रासाठी आहे, ग्वाल्हेर त्यात येत नाही. इथे पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करायचं, गाडीची तपासणी होते आणि पुढे पाच वर्षांची मुदत मिळते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी कारसाठी ही फी ५,००० रुपये आहे. तुमची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते, तर सप्टेंबरात फॉर्म २५ भरा, साठ दिवस आधीपासून अर्ज घेतात. मुदत चुकली तर दर महिन्याला ५०० रुपये दंड वाढत जातो. तपासणीला जाण्याआधी सगळे दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, टायर आणि पीयूसी बघून घ्या. पंधरा वर्षं उलटल्यावर ही गाडी घेऊन दिल्लीला मात्र जाऊ नका.

मिस्टरांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. १९०५ साली तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी सुरू केलेल्या मेळ्यात गाडी घेणं ही आपल्याकडे रीतच झालीय, आणि रोड टॅक्समधली ५० टक्के सवलत मिळते त्या वर्षी रक्कम खरंच मोठी वाचते. पण ती सवलत करावर आहे, हप्ता पूर्ण गाडीवर बसतो. घराचा हप्ता चालू असताना दुसरा घेण्यापेक्षा पंखा, थर्मोस्टॅट, कूलंट, बॅटरी, नळ्या आणि बेल्ट यांवर माझ्या अंदाजाने दहा-बारा हजार, टायर लागले तर आणखी तेवढेच, खर्च करून ही गाडी दोन-तीन वर्षं बिनघोर चालेल. पार्ट्सची चिंता नको. ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, पण तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं, दुकानांत माल भरपूर आहे. जमिनीचा पत्रा, चाकांच्या कमानी आणि जॅक लावायची जागा यांत गंजाने आरपार भोकं पडली असतील तर मात्र माझा सल्ला बदलेल. इंजिन दुरुस्त होतं, सांगाडा कुजला की त्यात पैसे घालू नयेत. रविवारी गालिचे उचलून टॉर्च मारून बघा.

जड क्लचबद्दल: आधी केबल बघा, ती बाहेरून सोडता येते आणि स्वस्त आहे. नवी केबल टाकून पॅडल हलकं झालं तर गिअरबॉक्स उतरवायला कोणी सांगितलं तरी ऐकू नका. तसंच जड राहिलं, किंवा चढावर इंजिनाचा आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर कॉम्प्रेशनच्या तीन आकड्यांसोबत तेही लिहून पाठवा.